घरखर्चातला सिनेमा

मोबाइल उभा करून 'नमस्कार मंडळी' म्हणणारा एकही माणूस नाही, असा तालुका आता महाराष्ट्रात सापडणं कठीण आहे. पूर्वी गावात एखादं पोरगं हुशार निघालं की ते एमपीएससीला बसायचं. आता ते एमपीएससीला बसतं आणि अभ्यास कसा करावा याचे व्हिडिओही टाकतं. परीक्षेचा निकाल कधी लागेल ते आयोगाला ठाऊक, व्हिडिओचा निकाल संध्याकाळपर्यंत लागतो. या धंद्याची जाहिरात दोन शब्दांत होते : भांडवल नको. मोबाइल घरात आहेच, २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून डेटाची ददात नाही, जागा घरची, कलाकार घरचे, आणि बोलायचं कसं हे तर आपल्याकडे कुणालाच शिकवावं लागत नाही. राहता राहिलं ते पैसे येणं. ते कधी येतात यावर पुष्कळ बोललं जातं. जातात कुठून यावर कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं असं की कमी खर्चाचा व्हिडिओ नावाची चीजच जगात नाही. खर्च पुरेपूर होतो. फक्त ज्याच्या नावावर चॅनल आहे त्याच्या खिशातून तो होत नाही. घरातल्या बाकीच्यांच्या वेळातून, झोपेतून, गॅसच्या सिलिंडरमधून आणि सोशिकपणातून होतो. त्याची पावती कुणी फाडत नाही, म्हणून तो झालाच नाही असं सगळे धरून चालतात.

साध्या कांदेपोह्यांचं बघा. पोहे करायला पंधरा मिनिटं पुरतात. पोह्यांच्या व्हिडिओला अख्खी सकाळ लागते. आधी ओट्यावर तांदळाचा डबा, त्यावर डाळीचा, त्यावर उलटं पातेलं आणि पातेल्याला टेकवलेला मोबाइल, असा मनोरा उभा राहतो. म्हणजे त्या दिवशी वरण-भात करायचा तर मनोरा पाडावा लागणार. मग पंखा बंद, कारण कॉलरला लावलेल्या माइकला पंखा फार ऐकू येतो. फ्रिज बंद, कारण तो घरघरतो. आजोबांना दारात उभं केलं जातं, कुणी बेल वाजवायच्या आत त्याला खुणेनं थोपवायला. आजी नारळ खवते, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. धाकटा दोन्ही हातांनी दिवा धरून उभा असतो आणि त्याला शिंक येऊ नये अशी सगळ्यांची प्रार्थना असते. तेल तापतं, मोहरी पडते, आणि नेमका शेजारच्यांचा मिक्सर सुरू होतो. एकदा तडतडलेली मोहरी पुन्हा तडतडत नाही, म्हणून तेल नवं, मोहरी नवी, कढीपत्ता नवा. दुसऱ्या खेपेला भंगारवाल्याची गाडी येते. तिसऱ्या खेपेला सगळं जमतं, फक्त मोबाइलमधली जागा संपलेली असते. शेवटी वर खोबरं-कोथिंबीर पेरून, पोहे बघून भूत दिसल्यासारखा चेहरा करून थंबनेलचा फोटो निघतो, आणि साडेअकराला सगळं घर गार पोहे खातं. वहीत खर्च काय लिहिला जातो? पोहे, पाव किलो. पाच माणसांचे चार-चार तास, म्हणजे एकूण वीस तास, कुठेच नाहीत.

हे वीस तास टाकल्यावर यूट्यूब काय विचारतं तेही बघू. २०१८च्या जानेवारीपासून नियम असा की जाहिरातीच्या पैशात वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं दाखवा. हजाराचा आकडा मराठी माणसाला अवघड नाही. चुलत, मावस, आत्ये, वहिनीच्या माहेरचे, सोसायटीचा ग्रुप आणि दहावी 'ब'चा ग्रुप एवढ्यावर तो होऊन जातो. अडतं ते तासांपाशी. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं; हजार जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी चार तास. नातेवाईक सबस्क्राइब करतो, अंगठा देतो, 'खूप छान ताई' असंही लिहितो. पण 'शोले'पेक्षा जास्त वेळ आपले पोहे बघणारा नातेवाईक अजून जन्माला यायचा आहे. छोट्या व्हिडिओंचा दुसरा रस्ता आहे. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतापासूनच केली. त्या रस्त्याने जाहिरातीच्या पैशापर्यंत पोचायचं तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा तुम्हाला कुणीतरी बघायला हवं. त्यापेक्षा मोठे व्हिडिओ बरे, असं ठरतं. मोठ्यांमध्ये मधोमध जाहिरात बसवायची तर व्हिडिओ निदान आठ मिनिटांचा लागतो, म्हणून आधी पोह्यांचा इतिहास, मग पोह्यांचे फायदे आणि मग पोहे. २०२०च्या जुलैपर्यंत ही अट दहा मिनिटांची होती. त्या काळचे पोहे किती भिजले असतील!

आता कुणी म्हणेल, घरच्यांना राबवून सिनेमा काढणं ही काय या मोबाइलवाल्या पिढीची करामत आहे? मुळीच नाही, भारतीय सिनेमाचा पायाच त्यावर आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवलदार पैसा सोडेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' तयार केली. कलाकार वाटाणा, मानधन पाणी. याहून स्वस्त निर्मिती आजवर कुणाला जमलेली नाही. त्या वाटाण्याच्या जोरावर 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसले. हॉटेलात त्यांना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले असं सांगतात. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली. खर्च वाचवायचा याहून सरळ मार्ग नाही, शिवाय नवरा-बायकोत कुरबुरीचा प्रश्नच नाही. पण दादरच्या घरात दुसरी एक तारामती होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि सगळ्या लोकांचा स्वयंपाक करत. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पडद्यावरच्या तारामतीला पंधरा रुपये आणि घरच्या तारामतीला शून्य, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी एकदा ठरला तो आजतागायत बदललेला नाही. चादरीच्या जागी दिवा आला, एवढंच.

फाळके निदान कंपनी काढायला निघाले होते. मालेगावकरांचं तसंही नव्हतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास खर्चात 'मालेगाव के शोले' काढला. गब्बरच्या टोळीला घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलवरून आले. कॅमेरा फिरवायलाही सायकल आणि उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. यंत्रमाग शुक्रवारी बंद, म्हणून कामगारांना अभिनय करायला शुक्रवार मोकळा. त्या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. कमी खर्चाच्या सिनेमावर काढलेल्या या सिनेमाच्या सेटवरचा एका दिवसाचा चहा-नाश्ता त्या पन्नास हजारांत भागला असेल का, कोण जाणे. पण मालेगावची एक गोष्ट आजच्या चॅनलवाल्यांनी ध्यानात घ्यावी. तिथे माणसं फुकट राबली तरी बघायला येणारा तिकीट काढून आत बसत होता. पैसे देणारा, घेणारा आणि राबणारा, तिघं एकाच गावात, रस्त्यात भेटले तर एकमेकांना विचारू शकणारे. आज राबणारी आजी साताऱ्यात, बघणारा फुकट, पैसे देणारा जाहिरातदार भलतीकडे आणि वाटणी करणारा कॅलिफोर्नियात. वाटणीत तो ५५ टक्के चॅनलला देतो आणि ४५ स्वतःकडे ठेवतो. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सिलिंडरच्या ४५ टक्क्यांबद्दल त्याने आजवर कधी विचारणा केलेली नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा येतो : आपल्याकडे कुठला छोटा धंदा घरच्या फुकट कष्टांवर चालत नाही? किराणा दुकानात शाळेतून आलेला मुलगा गल्ल्यावर बसतो, खानावळीत सून पोळ्या लाटते, शेतात तर सगळं घर असतं. व्हिडिओवाल्यालाच का धरता? आक्षेप रास्त आहे, आणि शेतीचं नाव निघालं ते फार बरं झालं. शेतमालाचा हमीभाव सुचवणारा कृषिमूल्य आयोग खर्च मोजताना आधी शेतकऱ्याने रोख आणि वस्तूंच्या रूपात केलेला खर्च धरतो. त्याला म्हणतात ए-टू. मग घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी हिशेबाने लावून त्यात मिळवतो. तो झाला ए-टू अधिक एफएल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. हमीभाव कशाच्या दीडपट हवा, ए-टू अधिक एफएलच्या की स्वामिनाथन आयोगाचा दाखला देत मागितल्या जाणाऱ्या सी-टूच्या, यावर मोर्चे निघतात आणि निवडणुका रंगतात. भांडण कुठल्या खर्चाचं, याचं आहे. शेतकऱ्याच्या बायकोची मजुरी धरायची, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. निदान कागदावर तरी. सरकारी कागदाने जे मान्य केलं ते इंटरनेटवरच्या कुणाही यशोगुरूने केलेलं नाही. 'घरबसल्या महिना लाख' सांगणारा प्रत्येक जण ए-टूचा हिशेब देतो : मोबाइल एवढ्याचा, माइक तेवढ्याचा, दिवा इतक्याचा. एफएलच्या रकान्यात भलीमोठी रेघ. सी-टूचं तर नावच नको, कारण त्यात स्वयंपाकघराचं भाडं धरावं लागेल, आणि पुण्यात ते धरलं तर पहिल्याच पोह्याला दिवाळं वाजेल.

आयकर खात्याची यातली भूमिका विनोदी लेखकाच्या पोटावर पाय आणणारी आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार धंद्याच्या निमित्ताने फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत वर्षाला २० हजारांच्या वर गेली तर त्यावर दहा टक्के करकपात होते. कंपनीने गुण गायला मोबाइल पाठवला आणि तुम्ही तो ठेवून घेतला, की तो मिळकत. मेव्हण्याने दोन महिने रात्री जागून एडिटिंग केलं आणि त्याला काही दिलं नाही, तर तो खर्च नव्हे. म्हणजे फुकट आलेलं सरकारला दिसतं, फुकट गेलेलं दिसत नाही. यूट्यूबचे पैसे येण्याची तऱ्हाही मजेची आहे. प्रेक्षक कुठला आणि विषय कुठला यावर भाव ठरतो. कर्ज, विमा, म्युच्युअल फंड यांना जाहिरातदार सढळ हाताने देतो, भरल्या वांग्याला हात आखडतो. न्यू जर्सीतल्या मावशीने बघितलेली भरली वांगी नांदेडच्या मावशीने बघितलेल्या वांग्यांपेक्षा सहसा जास्त पैसे देऊन जातात, वांगी तीच असली तरी. मात्र २०२१ पासून न्यू जर्सीच्या मावशीमुळे झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो. कागदपत्रं नीट भरली तर भारताशी असलेल्या करारानुसार १५ टक्के. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टाने एक आकडा येतो, आणि सगळं जग ऑनलाइन झाल्यावरही घरातला मुलगा रोज पोस्टमनची वाट बघू लागतो. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. निघाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान. किराणावाल्याची उधारी एक तारखेला असते, हे कॅलिफोर्नियाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

दुसरा आक्षेप ठरलेला : मग जे मोठे झाले ते कसे झाले? झाले, आणि कौतुकास्पद झाले. 'मधुराज रेसिपी' २००९ साली सुरू झालं आणि आज त्या नावाचे मसाले दुकानात मिळतात. 'भारतीय डिजिटल पार्टी' म्हणजे भाडिपा २०१६ साली आली. त्यांनी ब्रँडसाठी मजकूर केला, रंगमंचावर तिकीट लावून कार्यक्रम केले. नीट पाहिलं तर ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. टिकलेल्या मंडळींनी व्ह्यूजच्या भरवशावर घर चालवायचं सोडून दुसरं काही विकायला काढलं : मसाला, तिकीट, पुस्तक, क्लास. म्हणजे ज्याची किंमत स्वतः ठरवता येते असं काहीतरी. आणि एकदा किंमत आपण ठरवायची म्हटलं की खर्च मांडावा लागतो, आणि खर्च मांडायला बसलं की राबणारी माणसं दिसू लागतात. मसाल्याच्या पाकिटात मिरची कांडणाऱ्याची मजुरी धरावीच लागते. व्हिडिओत ती धरावी लागत नाही, म्हणून कुणी धरत नाही.

खरी भाकरी मिळते ती बहुधा चॅनलवर नाहीच, चॅनलच्या आडून मिळते. तालुक्याच्या गावी व्हिडिओ करून पोट भरणारा तरुण लग्नं शूट करतो, प्री-वेडिंगसाठी नवरा-नवरीला तलावाकाठी पळायला लावतो, साडीच्या दुकानाची आणि मिठाईवाल्याची रील करतो. आणि बारमाही पीक कुठलं, तर भाऊंचा वाढदिवस. पांढरी गाडी येते, दार संथ गतीने उघडतं, आधी बूट, मग गॉगल, मग भाऊ. मागे ड्रोन, खाली 'भावी नगरसेवक'. या कामांत गिऱ्हाईक समोर उभं असतं, भाव सांगता येतो, उधारी वसूल करायला घरी जाता येतं. पण इथेही घरच्या फुकट कष्टांनी घात केलाच आहे. मिठाईवाला म्हणतो, "रीलचे पाच हजार? माझ्या भाच्याचा मित्र दोनात करून देतो." आणि तो खरंच देतो. कारण त्याचा कॅमेरा काकांचा, दुचाकी बापाची, पेट्रोल आईने दिलेलं, आणि रात्रीचं एडिटिंग बहिणीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर. त्याच्या दोन हजारांत तीन हजार घरच्यांचे आहेत. ते त्याला दिसत नाहीत आणि मिठाईवाल्याने बघायचं कारण नाही. मग पाच हजारवालाही तीनवर येतो. एका घराने न मांडलेला खर्च दुसऱ्या घराचा भाव पाडतो, तो असा. वर दोन्ही घरं मिळून मिठाईवाल्याला अनुदान देतात, आणि तो दिवाळीला अर्धा किलो सोनपापडी पाठवून फिटंफाट करतो.

उरला शेवटचा आणि भावनिक आक्षेप. हिशेब कसले मांडता? घरच्यांना मजा येते, आजी हौसेने नारळ खवते, सगळे एकत्र येतात, आणि प्रेमाला मजुरी लावायची नसते. हे खरं असतं तर मी लेख इथेच आवरता घेतला असता. पण हौसेची एक साधी खूण आहे : नको म्हणता येतं. पहिल्या पाच व्हिडिओंपर्यंत आजीला नको म्हणता येतं. आठवड्याला तीन व्हिडिओ टाकले नाहीत तर आपल्याला कुणी दाखवणारच नाही, ही धास्ती एकदा घरात शिरली की आजीचा गुडघा दुखतो हाही व्हिडिओचा विषय होतो. 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय', लाल बाण गुडघ्यावर, आठ मिनिटं. तिला विचारायचं ते घरात कुणी विचारत नाही, आणि खाली दोनशे अनोळखी माणसं 'आजी काळजी घ्या' लिहितात. शिवाय प्रेमाला मजुरी लावायची नाही म्हणणारा माणूस जाहिरातदाराकडून मजुरी घेतोच. फरक इतकाच की प्रेम सगळ्यांचं असतं आणि बँक खातं एकाचं.

म्हणून व्हिडिओ करू नका असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही, आणि ऐकलंच तर 'व्हिडिओ का सोडला' याचा व्हिडिओ येईल. एक वही मात्र घालावी. कोण किती तास उभं राहिलं ते लिहावं, त्यापुढे गावातल्या शेतमजुरीचा चालू दर मांडावा, सिलिंडरचा अंदाज धरावा आणि महिन्याच्या २६ तारखेला बेरीज करावी. बेरीज बहुतेक घरांत उणे येईल. आली तरी बिघडत नाही. शेतीत ती पिढ्यान्‌पिढ्या येते आहे. पण उणे किती आणि कुणाच्या जिवावर, हे कळलेला माणूस मिठाईवाल्याला दोन हजार सांगत नाही. आणि सगळ्यांनी तो आकडा सांगायचं थांबवलं, की भाच्याच्या मित्राचं नाव निघणंही आपोआप बंद होतं. हमीभाव सरकार देणार नाही, यूट्यूब तर नाहीच नाही. तो घरातच ठरवावा लागेल, आणि ठरवताना आजीला मतदानाचा हक्क द्यावा लागेल. ती कदाचित जबर भाव सांगेल. चार तास नारळ खवलेल्या बाईला तेवढा अधिकार आहे.